इंट्रानेटचा सातबारा

कुठल्याही मोठ्या कंपनीत नवीन माणूस रुजू झाला की पहिल्या दिवशी त्याला तीन गोष्टी मिळतात. गळ्यात घालायचा पट्टा, न चालणारा पासवर्ड आणि "सगळी माहिती इंट्रानेटवर आहे" हे वाक्य. पहिल्या दोन गोष्टींचं आठवड्याभरात काहीतरी मार्गी लागतं. तिसरीचा अर्थ कळायला मात्र वर्ष-दोन वर्षं जातात. अर्थ असा की माहिती आहे, पण ती कुठे आहे ते तुम्ही शोधायचं, आणि सापडली तर ती खरी आहे का तेही तुम्हीच ठरवायचं.

गेले आठेक महिने मी याच कामावर आहे. कागदोपत्री प्रोजेक्टचं नाव भारदस्त आहे, पण काम एवढंच, की कंपनीच्या आतल्या सगळ्या साइट्स मोजायच्या, लावायच्या आणि एकमेकींना जोडायच्या. आमच्या धंद्यात याला अजिबात ग्लॅमर नाही. कॉलेजचे मित्र भेटले की कुणी मशीन लर्निंगवर असतो, कुणी पेमेंट्सवर. मी "आतल्या साइट्स जोडतो" म्हटलं की दोन सेकंद शांतता पसरते आणि विषय क्रिकेटवर जातो. आईने शेजारच्या काकूंना "तो ऑफिसमध्ये जोडणीचं काम करतो" असं सांगितल्यापासून त्या काकू मला त्यांच्या वायफायची तक्रार सांगतात. :-)

तर मंडळी, आजचा शनिवार या जोडणीच्या कामावर.

आधी परिस्थिती सांगतो. एचआरची एक साइट. ॲडमिनची वेगळी. फायनान्सच्या दोन, कारण एक जुनी आणि एक नवी, आणि जुनी बंद करायची हिंमत कुणाची नाही. प्रत्येक मोठ्या प्रोजेक्टची आपापली विकी. काही टीम्स शेअरपॉइंटवर, काही कॉन्फ्लुअन्सवर, तर काही कुणाच्या तरी टेबलाखाली ठेवलेल्या मशीनवर. शिवाय काही वर्षांपूर्वी आमच्या कंपनीने एक छोटी कंपनी विकत घेतली, तिचं अख्खं इंट्रानेट हुंड्यात आल्यासारखं तसंच्या तसं येऊन बसलं. पत्त्यांमध्ये 'न्यू', 'न्यू२', 'फायनल' असले शब्द. एक ट्रेनिंगची साइट फ्लॅशमध्ये बनवलेली. फ्लॅश २०२० च्या डिसेंबरअखेर कायमचं बंद झालं, पण ही साइट मुखपृष्ठासकट जागेवर आहे. मधोमध फक्त एक राखाडी चौकोन दिसतो. रजेचा एक फॉर्म इंटरनेट एक्सप्लोररशिवाय नीट चालायचा नाही. तो ब्राउझर मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये निवृत्त केला, तेव्हा रजेच्या फॉर्मचं काय करायचं यावर म्हणे तीन मीटिंगा झाल्या.

आम्ही तिघांनी काम हातात घेतलं तेव्हा पहिला प्रश्न साधा होता. एकूण साइट्स किती? आयटीने एक आकडा दिला, सिक्युरिटीने दुसरा, आणि एका व्हाइस प्रेसिडेंटने आत्मविश्वासाने "तीस-पस्तीस" सांगितलं. मग आम्ही नेटवर्कवरची नावांची यादी काढली, प्रॉक्सीच्या नोंदी चाळल्या, आणि एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती एका पानावर जायची, तिथल्या सगळ्या लिंक्स गोळा करायची, त्या पानांवर जायची, परत लिंक्स गोळा करायची. आठवडाभर ती चालू होती. आकडा दीडशेच्या घरात गेला.

पण खरी गंमत पुढे आहे. नावांच्या यादीत असलेल्या, चालू असलेल्या, लोक रोज वापरत असलेल्या कितीतरी साइट्स आमच्या स्क्रिप्टला सापडल्याच नव्हत्या. कारण त्यांच्याकडे जाणारी एकही लिंक कुठेच नव्हती. मग लोक तिथे पोचायचे कसे? कुणीतरी कधीतरी ईमेलने पत्ता पाठवलेला, तो ज्याने त्याने बुकमार्क करून ठेवलेला. म्हणजे घर आहे, घरात माणसं आहेत, पण रस्ता नाही. ज्याला पायवाट माहीत आहे तो जातो.

इथवर सगळं विनोदीच वाटतं. मलाही वाटायचं. मग मार्च महिन्यात एक गोष्ट घडली.

आमच्याच मजल्यावर काम करणारा एक मुलगा, मूळचा परभणीचा. त्याचे वडील त्याच्याकडे पुण्याला राहायला आले होते. रात्री साडेअकराच्या सुमारास छातीत दुखायला लागलं, म्हणून त्याने त्यांना जवळच्या हॉस्पिटलात नेलं. काउंटरवर विचारलं, कॅशलेस आहे का, टीपीए कोण, पॉलिसी नंबर द्या. टीपीए म्हणजे विमा कंपनी आणि हॉस्पिटल यांच्या मधली, कागदपत्रं बघणारी संस्था. याने तिथेच बाकावर लॅपटॉप उघडला, मोबाइलचं नेट घेतलं, व्हीपीएन लावलं आणि इंट्रानेटवर 'मेडिक्लेम' शोधलं.

दोन पानं आली. एक ॲडमिनच्या साइटवरचं, त्यात हेल्पलाइन नंबर आणि पॉलिसी नंबर ठळक अक्षरात. दुसरं त्या विकत घेतलेल्या कंपनीच्या साइटवरचं, त्यात लिहिलेलं की आईवडिलांना विमा लागू नाही. तिसरं पान, जे बरोबर होतं, ते आलंच नाही. ते एचआरने 'एम्प्लॉयी वेलनेस' या नावाखाली ठेवलं होतं आणि त्यात मेडिक्लेम हा शब्दच नव्हता. याने पहिल्या पानावरचा नंबर फिरवला. वीस मिनिटं संगीत ऐकल्यावर पलीकडून उत्तर आलं की तुमच्या कंपनीचं काम आता आमच्याकडे नाही. टीपीए बदलून दोन वर्षं झाली होती.

हॉस्पिटलने उपचार थांबवले नाहीत, हे आधी सांगतो. पण डिपॉझिट मागितलं. रात्री दीड वाजता आम्ही चार-पाच जणांनी आपापल्या कार्डांवरून पैसे भरले. वडिलांची अँजिओप्लास्टी झाली, ते आता बरे आहेत, मागच्या महिन्यात त्यांनी आमच्यासाठी परभणीहून डबाभर लाडू पाठवले. सकाळी साडेनऊला ॲडमिनमधल्या काकांनी टेबलाच्या काचेखालच्या कागदावरून अर्ध्या मिनिटात बरोबर नंबर दिला.

त्या मुलाने नंतर कँटीनमध्ये जे म्हटलं ते मी विसरणार नाही. तो म्हणाला, "अरे, ते पान उघडलंच नसतं तर बरं झालं असतं. मी लगेच कुणाला तरी फोन लावला असता. पान उघडलं, छान दिसत होतं, म्हणून मी विश्वास ठेवला."

तोपर्यंत आमच्या प्रोजेक्टचं यश आम्ही एका तक्त्यावर मोजत होतो. किती लिंक्स तुटक्या, किती जोडल्या. तुटकी लिंक लाल, चालू लिंक हिरवी. आणि त्या तक्त्यात ॲडमिनचं ते पान हिरवंगार होतं. लिंक चालू, सर्व्हर चालू, पान दोन सेकंदात उघडतंय. यंत्राच्या दृष्टीने त्यात काहीही चूक नव्हती. चुकीचं जे होतं ते यंत्राला कळण्यासारखंच नव्हतं, कारण ते पान कुणाचंच नव्हतं. ज्या बाईंनी ते बनवलं त्या नोकरी सोडून गेल्या, आणि त्यांच्यामागे त्या पानाचं काय करायचं हे कुणाच्याच कामात लिहिलेलं नव्हतं.

हे असं होतंच का? मेल्विन कॉनवे नावाच्या एका प्रोग्रॅमरने १९६८ मध्ये एक लेख लिहिला. त्यातलं निरीक्षण आज आमच्या धंद्यात कॉनवेचा नियम म्हणून ओळखतात. एखादी संस्था जी प्रणाली बनवते, तिची रचना त्या संस्थेतली माणसं एकमेकांशी कशी बोलतात त्याचीच नक्कल असते. इंट्रानेट म्हणजे या नियमाचं चालतंबोलतं प्रदर्शन. एचआर आणि ॲडमिन यांच्यात बोलणं नाही, म्हणून दोघांचं मेडिक्लेमचं पान वेगळं. विकत घेतलेल्या कंपनीची माणसं आपल्यात बसली पण मिसळली नाहीत, म्हणून त्यांची साइटही कोपऱ्यात वेगळी चूल मांडून. पडद्यावर जो पसारा दिसतो तो मुळात मजल्या-मजल्यांवरचा असतो.

आणि हे दुखणं काही आजचं नाही. आख्खं वर्ल्ड वाइड वेब ज्यातून जन्माला आलं ती समस्या नेमकी हीच होती, हे मला या कामात पडल्यावर नीट कळलं. टिम बर्नर्स-ली हा १९८० मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत सहा महिन्यांसाठी कंत्राटी कामावर आला होता. एवढ्या मोठ्या जागेत कोण माणूस कुठल्या प्रोग्रॅमवर काम करतो, कुठला प्रोग्रॅम कशाला जोडलेला आहे, हे डोक्यात ठेवणं अवघड. म्हणून त्याने स्वतःपुरता एक प्रोग्रॅम लिहिला, नाव 'एन्क्वायर'. पुढे तो परत सर्नमध्ये आला आणि मार्च १९८९ मध्ये त्याने साहेबांना एक प्रस्ताव दिला. विषय होता माहितीचं व्यवस्थापन. त्यातली मुख्य तक्रार काय होती? की इथे माणसं साधारण दोन वर्षं टिकतात, मग जातात, आणि त्यांच्याबरोबर माहितीही जाते. नवीन येणाऱ्याला कुणाला काय विचारायचं तेच कळत नाही. साहेबांनी त्या कागदावर शेरा मारला की कल्पना धूसर आहे, पण रोमांचक आहे.

आता सांगा, दोन वर्षांत माणसं जातात ही तक्रार सर्नची आहे की हिंजवडीची?

म्हणजे जगाचं वेब होण्याआधी ते एका संस्थेचं इंट्रानेटच होतं. आणि तिथल्या लोकांना ते पहिल्यांदा उपयोगी वाटलं ते कशामुळे? भौतिकशास्त्रामुळे नव्हे. सर्नची टेलिफोनची यादी वेबवर टाकली, म्हणून. नंबर बघण्यासाठी मोठ्या कॉम्प्युटरवर लॉगिन करण्याची कटकट वाचली. लोकांना तेवढंच हवं होतं. अडीअडचणीला योग्य माणसाचा नंबर.

बर्नर्स-लीने वेब बनवताना एक मोठी तडजोड केली. त्याच्या आधी टेड नेल्सन, ज्याने १९६५ मध्ये 'हायपरटेक्स्ट' हा शब्द दिला, त्याच्या कल्पनेत लिंक ही दुतर्फा होती. हे पान त्या पानाला जोडलं की त्या पानालाही ते कळलं पाहिजे. वेबमध्ये लिंक एकतर्फी ठेवली. कुणाचीही परवानगी न घेता कुणीही कुणालाही जोडू शकतो. पलीकडचं पान उडालं तर अलीकडे फक्त ४०४ दिसतो. या तडजोडीमुळेच वेब जगभर पसरलं, कारण मध्यवर्ती नोंदवही ठेवायची गरजच उरली नाही. पण जगाला जे शक्य नाही ते कंपनीच्या चार भिंतींत शक्य आहे. सगळ्या साइट्स आपल्याच आहेत, तर नोंदवही का ठेवू नये? मराठी विकिपीडियावर प्रत्येक लेखाला 'येथे काय जोडले आहे' असा एक दुवा असतो, तो कधी दाबून बघा. त्या लेखाकडे कुठून कुठून रस्ते येतात ते कळतं. आमच्या स्क्रिप्टने जमवलेल्या माहितीतून आम्ही हेच प्रत्येक इंट्रानेट पानासाठी बनवलं. एखादं पान हलवायचं किंवा बंद करायचं तर आधी कळतं, कुणाकुणाचा रस्ता अडणार आहे.

पण मूळ प्रश्न राहिलाच होता, मालकीचा. त्याचं उत्तर मला कुठल्या मॅनेजमेंटच्या पुस्तकात सापडलं नाही. ते सापडलं मामाकडे. मामा शेती करतो, आणि दिवाळीत त्याच्या घरी जमिनीच्या कागदांचं काहीतरी चाललं होतं. समोर सातबारा पडलेला. मी लहानपणापासून तो शब्द ऐकत आलोय, पण नीट वाचला कधी नव्हता. त्यात दोन वेगळे नमुने आहेत. गाव नमुना सात, म्हणजे जमीन कुणाची, कुणाचा काय हक्क. आणि गाव नमुना बारा, म्हणजे या जमिनीत या हंगामात काय पिकलं. मालक बदलला तर फेरफार होतो, तो नोंदवला जातो, आणि जुन्याचा क्रमांक नव्यावर राहतो. म्हणजे जमिनीला तिचा इतिहास चिकटलेला असतो.

मला वाटलं, अरे, पानाला हेच तर हवंय!

आमच्या पानांना मालकच नव्हता असं नाही. बऱ्याच ठिकाणी खाली 'मालक : एचआर विभाग' असं लिहिलेलं होतं. पण विभाग हा मालक नसतो. सातबारावर 'शेतकरी समाज' असं लिहिलं तर चालेल का? नाव लागतं. आणि नुसता सात असून भागत नाही, बाराही लागतो. मालकाने या हंगामात शेतावर जाऊन बघितलं का? पूर्वी पीक पाहणी तलाठी करायचा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली आणि शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढून नोंद करायची, असं ठरलं. त्यात अडचणी येतात, रेंज नसते, मामा त्यावर तासभर बोलू शकतो. पण तत्त्व मला पटलं. ज्याचं शेत त्यानेच उभं राहून सांगायचं.

तर आम्ही प्रत्येक पानाच्या तळाला तीन ओळी सक्तीच्या केल्या. मालकाचं नाव, विभागाचं नाही. हा मजकूर त्याने शेवटचा कधी तपासला. आणि याआधी हे पान कुणाकडे होतं. मालक कंपनी सोडतो तेव्हा लॅपटॉप आणि ओळखपत्र जमा करतो, त्याच यादीत आता त्याच्या नावावरची पानं येतात. ती दुसऱ्याच्या नावावर चढल्याशिवाय त्याचा कागद पुढे सरकत नाही. म्हणजे फेरफार. आणि सहा महिने पान कुणी तपासलं नाही तर त्याच्या माथ्यावर पिवळी पट्टी येते : ही माहिती तपासलेली नाही, वापरण्याआधी या नंबरवर विचारा. वर्ष झालं तर पान सर्चमधून बाहेर.

या पिवळ्या पट्टीला जेवढा विरोध झाला तेवढा दुसऱ्या कशालाच झाला नाही. "साइट खराब दिसते," हा मुख्य मुद्दा. आम्ही मेडिक्लेमच्या रात्रीची गोष्ट सांगितली. पट्टी राहिली.

बरं, मालक लागले, पण मांडणी कशी करायची? सगळ्यांचा हट्ट की मुखपृष्ठावर विभागांची नावं हवीत, आणि आपलं वरती हवं. इथे एक जुनी युक्ती कामाला आली. १९९४ मध्ये सन मायक्रोसिस्टम्स या कंपनीचं आतलं वेब रचताना जेकब नील्सन आणि सहकाऱ्यांनी लोकांसमोर माहितीच्या विषयांची कार्डं ठेवली आणि त्यांना हवे तसे गठ्ठे लावायला सांगितले. आम्हीही तेच केलं. नवीन लागलेली मुलं, टेस्टिंगमधल्या दोघी, रिसेप्शनवरची ताई, कंत्राटावरचे दोन जण आणि एक मॅनेजर यांना बसवलं. एका टेबलावर सत्तरेक चिठ्ठ्या, चहा आणि बिस्किटं.

एचआर, ॲडमिन, फायनान्स असे गठ्ठे लावणारा फक्त एक माणूस निघाला. अर्थातच मॅनेजर. :-) बाकीच्यांचे गठ्ठे असे : 'आजारी पडलो तर', 'घर बदललं तर', 'लग्न किंवा बाळ', 'गावी जायचंय', 'मशीन बंद पडलं', 'सोडून चाललोय'. कंत्राटावरच्या एकाने एक गठ्ठा वेगळा ठेवला आणि त्यावर लिहिलं, 'हे माझ्यासाठी आहे का माहीत नाही'. त्या गठ्ठ्यात निम्मी कार्डं होती. तो सहा वर्षं आमच्याकडे काम करतोय. आता प्रत्येक पानाच्या सुरुवातीलाच हे कुणाला लागू आहे ते लिहायचं असा नियम आहे, आणि तो त्याच्यामुळे आहे.

ग्रंथालयशास्त्राचे एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये जे पाच नियम मांडले, त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून एका गणिताच्या प्राध्यापकाने लिहिलेला नियम. आमच्या कपाटांची रचना मात्र कपाट ठेवणाऱ्याच्या सोयीने चालली होती.

पत्त्यांचंही तसंच. पत्त्यात विभागाचं नाव घातलं की दोन वर्षांनी विभागाचं नाव बदलतं आणि पत्ता खोटा पडतो. बर्नर्स-लीने १९९८ मध्येच यावर एक लेख लिहून ठेवलाय, की चांगला पत्ता तोच जो बदलत नाही. म्हणून आता मेडिक्लेमचा पत्ता नुसता 'मेडिक्लेम' आहे. जुने तिन्ही पत्ते आम्ही मारले नाहीत, तिथे गेलं की आपोआप या नव्या पानावर येता. जुना पत्ता कुणाच्या बुकमार्कमध्ये, कुणाच्या डेस्कवरच्या स्टिकरवर, कुणाच्या डायरीत असेल सांगता येत नाही.

आता सर्च. लोक नेहमी विचारतात, गूगलवर सापडतं मग आपल्या आत का नाही? कारण १९९८ मध्ये गूगल ज्या कल्पनेवर उभं राहिलं ती ही, की दुसऱ्या पानांनी दिलेली लिंक म्हणजे एक प्रकारचं मत. बाहेरच्या जगात लाखो लोक लिंक देतात. कंपनीत मेडिक्लेमच्या पानाला हौसेने लिंक कोण देणार? मत द्यायला कुणी येतच नाही. शिवाय आयबीएमच्या संशोधकांनी २००३ मध्ये त्यांच्याच इंट्रानेटवर अभ्यास करून दाखवलं होतं, की आतल्या शोधाला बहुधा एखादंच, फार तर दोन-चार बरोबर उत्तरं असतात. बाहेर दहापैकी कुठलंही चालतं. इथे एकच पान बरोबर आणि बाकीची चुकीची. म्हणून जोडणी मुद्दाम करावी लागते, आणि लिंकवर 'इथे क्लिक करा' न लिहिता लोक जो शब्द शोधतात तोच लिहावा लागतो. 'एम्प्लॉयी वेलनेस' नव्हे. मेडिक्लेम!

आता थोडं काकांविषयी. ते येत्या वर्षी निवृत्त होतायत. टेबलाच्या काचेखाली त्यांचा एक कागद आहे, दोन्ही बाजूंनी भरलेला, चार रंगांच्या शाईत. लिफ्टवाल्याचा नंबर, टीपीएच्या बाईंचा थेट नंबर, पोलीस व्हेरिफिकेशनचं पत्र कोण देतं, पार्किंगच्या पासवर सही कुणाची. कंपनीचं खरं इंट्रानेट म्हणजे हा कागद. मी त्यांच्याकडे गेलो आणि म्हटलं, "काका, हे सगळं साइटवर घालूया का?" त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "घाल की. पण मग माझ्याकडे कोण येणार रे?"

यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी परत गेलो. म्हटलं, त्यातल्या पानांवर मालक म्हणून तुमचं नाव लावतो, आणि जाण्याआधी तुम्हीच ठरवा कुठलं पान कुणाच्या नावावर चढवायचं. ते काही बोलले नाहीत. पण गेले दोन महिने रोज जेवणानंतर ते अर्धा तास त्या ताईला शेजारी बसवतात, रिसेप्शनवरच्या, आणि एकेक नंबर स्वतः फिरवून बघून मग तिला टाइप करायला सांगतात. काही नंबर त्यांच्या कागदावरही जुने निघाले. ते त्यांनी लाल शाईने खोडले.

शेवटचं एक. गेल्या तिमाहीपासून वरून फर्मान आहे, की आता इंट्रानेटवर एआयचा बॉट बसवायचा. लोक प्रश्न विचारतील, बॉट सगळी पानं वाचून उत्तर देईल. मग या मालक-बिलकच्या भानगडी कशाला, असंही एका मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं. मी बॉटच्या विरोधात नाही, त्याची चाचणी आम्हीच करतोय. म्हणून चाचणीच्या सर्व्हरवर आम्ही जुनी पानं तशीच ठेवली आणि त्याला मेडिक्लेमचा नंबर विचारला. त्याने अतिशय नम्रपणे, काळजीच्या शब्दांत, दोन वर्षांपूर्वीचा नंबर दिला. मग तीच चाचणी तपासलेल्या पानांवर केली. नंबर बरोबर आला, खाली मालकाचं नाव आणि तारीखही आली. बॉट तोच होता. त्या मीटिंगमध्ये आम्ही दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी दाखवली, पुढे फार चर्चा झाली नाही.

दीडशेपैकी अजून साठेक साइट्स बेवारस आहेत. ट्रेनिंगच्या साइटवरचा तो राखाडी चौकोनही आहे, त्याला मालक मिळालेला नाही. कुणाच्या ओळखीत असेल तर कळवा.

आणि सोमवारी ऑफिसला गेलात की एवढं करा. जे पान तुम्ही अडचणीत उघडाल असं वाटतं, मेडिक्लेमचं, रात्रीच्या कॅबचं, सिक्युरिटीच्या नंबरचं, ते आत्ताच एकदा उघडा. तळाला कुणाचं नाव आहे ते बघा. नाव असेल तर त्या माणसाला फोन करून विचारा, हे बरोबर आहे ना? नाव नसेल तर तुमच्याकडच्या काकांना गाठा. असतातच ते प्रत्येक ऑफिसात.

असो. भाजी आणायची आहे आणि बाजारातली चांगली मेथी दहा वाजता संपते. भेटू पुढच्या शनिवारी.